शिल्लक रजेचा हिशेब

(कर्मचारी मेळाव्यातील बौद्धिकाचे शब्दांकन)



निवृत्तीच्या निरोपसमारंभात एक वाक्य हमखास ऐकू येते : "साहेबांनी उभ्या नोकरीत रजा म्हणून घेतली नाही." टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत साहेबांच्या पत्नीचे हात मात्र जरा सावकाशच हलत असतात. सरकारी सेवेत अर्जित रजा 300 दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे रोखीकरण होते. तरतूद चांगलीच आहे. तिच्यातून कित्येकांच्या मुलींची लग्ने पार पडली. परंतु रजा ही विश्रांती नसून ठेव आहे, अशी समजूतही तिच्यामुळेच मध्यमवर्गीय मनात घट्ट बसली. किरकोळ रजा पुढच्या वर्षासाठी साठत नाही. म्हणून डिसेंबरअखेर कार्यालये ओस पडतात. सर्वांच्या घरी एकाच आठवड्यात कार्य निघते, असे थोडेच आहे!

ही सुटी कोणी आयती दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून तिच्यासाठी लढा दिला आणि 1890 मध्ये रविवार कामगारांच्या पदरात पडला. रविवार हा खंडोबाचा वार, हे लोखंडे यांनी आग्रहाने मांडले. सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्याला सातवा दिवस समाजासाठी देता यावा, हाही त्या मागणीचा आशय होता. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने वर्षात 240 दिवस काम करणाऱ्यास वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. 2020 च्या संहितेने ती अट 180 दिवसांवर आणली.

गिरणगावातल्या कोकणी कामगाराला रजेचे मोल नेमके ठाऊक होते. गणपती आणि शिमगा यांसाठी तो वर्षभर दिवस राखून ठेवी. उन्हाळ्यातील संघ शिक्षा वर्गात शिक्षक म्हणून जाणारे स्वयंसेवकही आपली हक्काची रजाच खर्ची घालत आले आहेत.

आजचा तरुण अभियंता मात्र रजा मागताना अपराध्यासारखा उभा राहतो. मिळालीच, तर लॅपटॉप सोबत असतो आणि आई जेवायला वाढून वाट पाहत बसते. आपले काम सहकाऱ्याच्या माथी पडेल, हा त्याचा संकोच खोटा नाही. 1955 मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडी यांच्या विचारात उद्योग हा एक परिवार आहे. परिवारात कोण थकले आहे, हे वडीलधाऱ्यांना अर्ज वाचून कळत नसते. वर्षारंभीच विभागातील सर्वांनी एकत्र बसून रजांचा तक्ता आखला, तर भार एकट्यावर पडत नाही. त्या तक्त्यात पहिले नाव विभागप्रमुखाचे असावे.