पाचूबंदरच्या रस्त्यावर पायी चालताना

वसई किल्ल्याजवळ पाचूबंदर हा कोळीवाडा आहे.
डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या कोळणीला इथे रिक्षा-टेम्पोंमधून वाट काढावी लागते.

श्रोतेहो, अशा गर्दीतही चालणे सोडू नये; चालण्याने हृदय बळकट होते.
रक्तातली साखर आटोक्यात राहते.
जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते.
भरभर चालणे त्यातच मोडते.
चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे.

पदपथ नसेल, तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे.
पुन्हा ऐकावे, उजव्या कडेने.
जवळचे वाहन मग समोरून येते
आणि वेळीच दिसते.
पाठीमागचे वाहन दिसत नाही, खरा धोका तोच.

अंधार पडल्यावर फिकट कपडे घालावेत.
मोबाइल खिशात ठेवावा.

कोळीवाड्यात मासळीच्या पाण्याने जमीन बुळबुळीत होते.
तिथे झिजलेली चप्पल हमखास घसरते.