आधी मेमरी, मग प्रोसेसर

संगणकाचा प्रोसेसर किंवा मेमरी कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे पळवणं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर यासाठी गाजला. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर बऱ्याचदा ४५० वर सुखाने चालायचा. दीडपट वेग, जादा पैसे न मोजता!

आजचे प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून आपला वेग आपणच वाढवतात. त्यामुळे पूर्वीइतकं हाती लागत नाही. म्हणूनच नवख्या माणसाला माझा आग्रह असतो, की सुरुवात मेमरीपासून करा. खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम आपण हौसेनं आणतो, पण बसवल्यावर ती बहुधा ४८०० च्या आसपासच चालते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं प्रोफाइल चालू केल्याशिवाय पैसे मोजून घेतलेला वेग मिळतच नाही. कित्येकांच्या संगणकात तो वर्षानुवर्षं तसाच पडून असतो, याचं मला फार वाईट वाटतं. रॅमच्या दोनच पट्ट्या असतील, तर त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच बसवा. चार पट्ट्यांना हा वेग अनेकदा पेलत नाही.

प्रोफाइल चालू केलं, विंडोज उघडलं, म्हणजे काम झालं असं मात्र मुळीच समजू नका. संगणक बंद पडला तर निदान कळतं तरी. मेमरीतली चूक पुष्कळदा कळतही नाही. एखादा बिट उलटतो, आणि मुलांचे फोटो किंवा दुकानाचा हिशेब बिघडलेल्या रूपातच डिस्कवर जातो. पुढे त्या बिघडलेल्या फाइलचाच बॅकअप घेतला जातो. म्हणून आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून ठेवा. मग मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. सकाळी एक जरी चूक दिसली, तरी वेग एक पायरी खाली आणा. ‘एवढी एक चालेल’ असं मेमरीच्या बाबतीत म्हणता येत नाही.

आता प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतला चिपसेट लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझनना बी किंवा एक्स मालिकेतला चालतो. गुणक, म्हणजे मूळ वेगाला ज्या आकड्यानं गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो, एकेक पायरीनं वाढवा. एक पायरी म्हणजे साधारण १०० मेगाहर्ट्झ. प्रत्येक पायरीनंतर सिनेबेंच हा चाचणीचा प्रोग्राम चालवून तापमान बघा. व्होल्टेजला हात लावायचाच, तर अगदी शेवटी. कारण विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले, तर खप जवळजवळ तेहतीस टक्क्यांनी चढतो, आणि ती सगळी उष्णता तुमच्या हीटसिंकला बाहेर टाकावी लागते. वेग मात्र दहाच टक्के वाढलेला असतो.

विदर्भातल्या श्रोत्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. खोलीचं तापमान जितकं वाढतं, जवळजवळ तितकंच चिपचंही वाढतं. जानेवारीत चाचणी पार केलेली जुळणी नागपूरच्या मे महिन्यात टिकेलच असं नाही. पूर्ण भारावर मी चिप ८५ अंशांच्या वर जाऊ देत नाही. उन्हाळ्यापूर्वी कॅबिनेटमधली धूळ काढा आणि चाचणी पुन्हा घ्या.

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही, तेव्हा वॉरंटीची कलमं आधी वाचा. संगणक सुरूच झाला नाही, तर घाबरू नका. पुष्कळ मदरबोर्ड दोन-तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर आपोआप मूळ वेगावर येतात. तसं झालं नाही, तर वीजपुरवठ्याची वायर काढून मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवा. बायोस मूळपदावर येईल. बदल करण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला असला, म्हणजे जुनी जुळणी पुन्हा भरायला वेळ लागत नाही.