एम. एच.पासून पॉलिक्लिनिकपर्यंत

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संपादित)



सातारा तालुक्यातलं अपशिंगे तुम्हाला नवं नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं. अशा कुठल्याही फौजी गावात पारावर बसलेल्या पेन्शनरांना सरकारी उपचारांबद्दल विचारा. एक सांगेल, फौजेच्या दवाखान्यानं जीव वाचवला. शेजारचा सांगेल, चिठ्ठ्या गोळा करता करता गुडघे गेले. दोघंही खरं बोलत असतात. मी सैन्यात डॉक्टर होतो. निवृत्तीनंतर काही वर्षं माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटावर बसलो. तिथे माझं एक मत बनलं. दुखणं बरं करण्यात सरकार फारसं कमी पडत नाही. बाहेरच्या रुग्णालयाचे पैसे चुकते करायची वेळ आली की मात्र गाडं अडतं.

नोकरीतल्या जवानाला आजारपणाची काळजी नसते. युनिटचा दवाखाना म्हणजे एम. आय. रूम, तिथून एम. एच. म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल, तिथेही भागलं नाही तर कमांड हॉस्पिटल. पुण्यात तर हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांची सैन्याची वेगळी संस्था आहे, १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला कण्याच्या दुखापतीनं अधू झालेल्यांचं पुनर्वसन केंद्र आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. जखमी सैनिकाला पुन्हा उभं करणं या यंत्रणेला येतं.

पण शिपाई म्हणून भरती झालेला माणूस बहुधा चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. जखमांचं वय सरतं आणि साखर, रक्तदाब, मोतीबिंदू, प्रोस्टेट यांचं सुरू होतं. एम. एच. राहते शंभर किलोमीटरवर. पूर्वी तिथे गेलं तरी नोकरीतल्यांचं भागून खाट शिल्लक असेल तर उपचार, असा रिवाज होता. म्हणून १ एप्रिल २००३ पासून ई. सी. एच. एस. आली, म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. ‘अंशदायी’ म्हणजे फुकट नाही. निवृत्त होतानाच एकरकमी वर्गणी कापून घेतात. सातव्या वेतन आयोगानंतर ती हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, सुभेदार वगैरे जेसीओंना ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० अशी ठरली. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ती माफ आहे. वर्गणीप्रमाणे खाटही ठरते. हवालदाराला जनरल वॉर्ड, सुभेदाराला सेमी-प्रायव्हेट, कर्नलसाहेबांना स्वतंत्र खोली. बायपास झालेल्या माणसालाही हुद्दा सोडत नाही! मला हे कधी पटलं नाही. माझ्या पेशंटांना मात्र त्यात काही वावगं वाटायचं नाही, हेही सांगायला हवं.

आता कामाची रीत बघा. पेशंट आधी योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये येतो. देशभरात अशी चारशेहून जास्त आहेत, पण ती बहुतेक जिल्ह्याच्या गावी. पाटण किंवा माण तालुक्यातल्या वाडीवरून निघालेली म्हातारी एस.टी. बदलत येते. बऱ्याचदा तिला एकटीलाच यावं लागतं, कारण फौजी गेलेला असतो आणि मुलगा मुंबईला. त्याच खेपेत फौजी कॅन्टीनचं सामान घ्यायचं असतं. नंबर लागतो, तपासणी होते. नेहमीच्या गोळ्यांपैकी दोन मिळतात, तिसरीपुढे ‘एन. ए.’ लिहिलेलं असतं. म्हणजे साठ्यात नाही. ठरवून दिलेल्या केमिस्टकडून ती मागवायची आणि म्हातारीनं पुन्हा यायचं. एस.टी.चं भाडं आणि बुडालेला दिवस धरला तर कित्येक जणी ती गोळी गावातल्याच दुकानातून विकत घेतात. ही तूट कुठल्याच कागदावर येत नाही. कागदोपत्री ती म्हातारी समाधानी लाभार्थी असते.

यात पॉलिक्लिनिकच्या माणसांना दोष देऊन भागणार नाही. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, सगळे कंत्राटावर. चांगला फिजिशियन एवढ्याशा मानधनावर तालुक्या-जिल्ह्याला का टिकेल? जे टिकतात ते बहुतेक फौजेतून आलेले, आपल्याच माणसांसाठी बसलेले. त्यांच्यामुळेच ‘साहेब नावानं ओळखतात’ असं कौतुकानं सांगणारे पेन्शनर भेटतात.

मोठं दुखणं निघालं की पॉलिक्लिनिक रेफरल देतं आणि पेशंट पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात जातो. खरा घोळ इथून पुढे. उपचार कॅशलेस, म्हणजे रुग्णालयानं आधी करायचे आणि बिल सरकारला पाठवायचं. दर केंद्र सरकारच्या कर्मचारी आरोग्य योजनेचे. २०१४ साली ठरलेले त्यातले बरेचसे दर दहाएक वर्षं हलले नाहीत. त्यात पैसे महिनोन्‌महिने थकतात. मग रुग्णालयाच्या काउंटरवरून ऐकू येतं, ‘आजोबा, ई. सी. एच. एस.च्या खाटा भरल्यात.’ कधी रुग्णालय सरळ पॅनेलमधून बाहेर पडतं. दुसरी बाजूही काळी आहे. नको त्या तपासण्या लावून बिल फुगवणारी रुग्णालयं मी पाहिली आहेत. त्या फुगवलेल्या बिलांमुळे छाननी कडक होते, कडक छाननीमुळे प्रामाणिक रुग्णालयाचेही पैसे अडकतात आणि शेवटी दारातून परत फिरतो तो सुभेदार. महालेखापरीक्षकांनी २०१५च्या अहवालात या योजनेची झाडाझडती घेतली. औषधांची टंचाई, रखडलेली बिलं, जादा आकारणी हे सगळं त्यात आलं आहे. फौजी उगाच कुरकुरतात असं म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

मग सरकारनं स्वतःचीच रुग्णालयं चालवावीत का? अमेरिकेत माजी सैनिकांसाठी तशी आहेत. तिथेही २०१४ साली फिनिक्स शहरात प्रतीक्षायाद्या लपवल्याचं उघड झालं आणि माजी सैनिक खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हापासून अमेरिकन आपल्या वाटेनं, खासगी उपचार विकत घेण्याकडे, थोडे वळले आहेत. त्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं की बिलं वेळेवर द्या.

आपल्याकडेही माझी मागणी तेवढीच आहे. नवी इमारत, नवं ॲप नंतर बघू. वर्षाची तरतूद वर्षभर पुरेल एवढी करा आणि रुग्णालयांचं देणं मुदतीत चुकतं करा. निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील. वर्गणी घेताना सरकारनं एक दिवसाची उधारी ठेवलेली नव्हती.

जाता जाता, ज्यांच्या घरात माजी सैनिक आहे त्यांच्यासाठी. त्याच्या पत्नीचं ई. सी. एच. एस.चं कार्ड आजच बघा, त्यावरचं नाव आणि जन्मतारीख सैन्याच्या नोंदीशी जुळते का ते तपासा. अपघात झाला, छातीत कळ आली, तर रेफरलसाठी थांबू नका, जवळच्या रुग्णालयात न्या. ते पॅनेलवर नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि प्रत्येक कागद जपून ठेवा. खर्च ठरलेल्या दरानं परत मिळतो. कळवलंच नाही, तर तो मिळवताना फार यातायात होते.