तांबड्या पेशींचा हिशोब आणि कावीळ



रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात. हिमोग्लोबिनमधले प्रथिन सुटे होऊन पुन्हा वापरात येते. लोहही वाया जात नाही; रोज सुमारे २० मिलिग्रॅम परत मिळते, अन्नातून आपण जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम घेतो. उरलेल्या भागाचे आधी हिरवे बिलिव्हर्डिन, मग पिवळे बिलिरुबिन होते. मुक्या माराचा काळानिळा डाग हिरवट-पिवळा होतो, तो याचमुळे. यकृत बिलिरुबिन विरघळते करून पित्तावाटे बाहेर टाकते.

पेशी भराभर फुटल्या, यकृत कमी पडले किंवा पित्तमार्ग अडला, की पिवळेपणा साठतो. तीच कावीळ. बहारीनमध्ये सिकल सेल आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता पुष्कळ आढळते. लग्नापूर्वीची तपासणी इथे २००४ च्या कायद्याने सक्तीची झाली. सिकल सेल आपल्या गडचिरोली-नंदुरबारलाही आहे.

गावाकडे मात्र अजून कावीळ 'उतरवतात'. चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुतले की पाणी पिवळे होते. हाताला आधीच आंब्याच्या खोडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, हे कोणी सांगत नाही! निरोगी माणसावर करून पाहा, पाणी तितकेच पिवळे होईल. हेपाटायटिस-ए ची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. नवजात बाळाच्या बाबतीत हा खेळ परवडणारा नाही. बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होते. वेळेवर निळ्या प्रकाशाखाली ठेवले तर बहुतेकदा टळते.

सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढे जरूर सांगा.