मी धोतर का नेसतो?



माझे गाव जांभूळ. ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथ तालुक्यात. बारवी धरणाचे पाणी शुद्ध करणारे औद्योगिक विकास महामंडळाचे केंद्र आमच्याकडे आहे, त्यामुळे गावाचे नाव आपल्यापैकी काहींच्या कानांवरून गेले असेल. जवळच उल्हासनगर. तिथे जीन्स शिवण्याचा धंदा एवढा मोठा, की तिथला माल देशभरच्या बाजारांत जातो. आमच्या गावची तरुण मुले, मुली, फार काय काही आजोबासुद्धा जीन्स घालतात. अशा मुलखात मी, सत्तरी ओलांडलेला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, रोज धोतर नेसून हिंडतो. नवा माणूस भेटला की विचारतो, "गुरुजी, आपण वारकरी का? की गांधीवाले? की निवडणुकीला उभे राहताय?" मी यातला कोणीच नाही. मग धोतर का? तेच आज सांगणार आहे.

नोकरीची पहिली वीस वर्षे मी पँटच घातली. धोतर नेसायचे ते माझे वडील, आणि तेही बाजाराला किंवा लग्नाला जाताना. शेतावर त्यांना पंचा पुरे होई. माझी शाळा शेजारच्या गावी, वाटेत एक ओढा. १९९१ च्या पावसाळ्यात रोज त्या ओढ्यातून जायचे आणि भिजलेल्या टेरीकॉटच्या पँटमध्ये दिवसभर फळ्यापुढे उभे राहायचे. ते कापड वरून लवकर वाळल्यासारखे दिसे, पण कमरेची पट्टी आणि शिवणी ओल्याच राहत. श्रावणापर्यंत मला जांघेत गजकर्ण झाले. अवघड जागचे दुखणे! कोणाला सांगायची सोय नाही, आणि वर्गात धड उभेही राहवेना. शेवटी लाज सोडून बदलापूरच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मलम दिले आणि म्हणाले, "मास्तर, मलम लावाल तेवढा वेळ बरं वाटेल. पण जागा कोरडी राहिली पाहिजे. सैल, सुती काहीतरी घाला."

सैल आणि सुती म्हणजे काय, ते घरातच होते. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती, पण त्यांची धोतरजोडी ट्रंकेत जशीच्या तशी होती. ती काढली खरी, पण नेसता येईना. निऱ्या कशा घालायच्या, ते मला आमच्या मंडळींनी शिकवले. साडी नेसणाऱ्या बाईचा हात तो. तिने सारख्या निऱ्या घालून दाखवल्या आणि कासोटा मागे कसा घट्ट खोचायचा, तेही समजावले. वर म्हणाली, "आता कळेल, पावसात नेसूचं सांभाळणं म्हणजे काय असतं ते." हे वाक्य आपण लक्षात ठेवा. मी मात्र तेव्हा लक्षात ठेवले नाही.

तर पहिले कारण हे असे, अगदी साधे आणि थोडे लाजिरवाणे. महिन्या-दीड महिन्यात दुखणे गेले. धोतर राहिले. कारण मग इतर गुण कळू लागले. धोतराला शिंपी लागत नाही. पोट सुटले, आजारपणात माणूस वाळला, तरी धोतर तेच. मोठ्या भावाचे धाकट्याला होते. ओढा आला की वर खोचता येते. विरले की फाडून पंचे होतात. मग तान्ह्या मुलाचे दुपटे, ताकाचे गाळणे, आणि अगदी शेवटी गोधडीचे अस्तर. माझ्या वडिलांच्या धोतरावर माझी नात निजली आहे.

दोषही सांगतो, नाहीतर आपण म्हणाल हा धोतराची जाहिरात करतोय. एकदा सायकलच्या साखळीत सोगा अडकला आणि मी भर रस्त्यावर उताणा झालो. सकाळी बदलापूरला लोकल पकडायची असेल, तर धोतर हे काही शहाणपणाचे वस्त्र नव्हे.

शाळेत अर्थातच चर्चा झाली. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारले, "हे काय नाटक, मास्तर?" मी म्हटले, "साहेब, डॉक्टरी सल्ला आहे." ते हसले आणि पुढे गेले. मुले हसली नाहीत. त्यांच्या घरी आजोबा होतेच. पण त्याच मुलांना एकदा मी वर्तमानपत्रातले चित्र दाखवले. स्कॉटलंडमधले सैनिक, गुडघ्यापर्यंत चौकड्यांचा किल्ट घातलेले. सगळा वर्ग खदखदून हसला. "गुरुजी, यांनी परकर घातलाय!" मी म्हटले, "अंबरनाथच्या देवळावरच्या मूर्ती पाहिल्यात ना? त्यातल्या किती जणांच्या अंगावर पँट आहे?" वर्ग गप्प झाला. मग मी त्यांना त्या किल्टची गोष्ट सांगितली.

त्या डोंगराळ मुलखातले लोक पूर्वी लोकरीचे लांबच लांब कापड घेत, चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळत आणि उरलेले खांद्यावर टाकत. दिवसा वस्त्र, रात्री तेच पांघरूण. पुढे वरचा भाग गेला, कमरेखालचा राहिला, चुण्या शिवल्या गेल्या. तो आजचा किल्ट. १७४६ साली तिथले बंड मोडल्यावर लंडनच्या पार्लमेंटने कायदाच केला, की सैन्यातल्यांखेरीज कोणी हा पोशाख करायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी! तो कायदा १७८२ साली रद्द झाला. आज तिथली माणसे मुख्यतः लग्नाकार्यात तो हौसेने घालतात. कोणी वाडवडिलांसाठी घालतो, कोणी नुसता आवडतो म्हणून.

इथे कोणी म्हणेल, वा! म्हणजे जुना पोशाख तेवढा चांगला. तसे मी म्हणत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या स्त्रियांना सांगितले, की तुमची लुगडे नेसण्याची जुनी पद्धत ही लोकांनी तुमच्यावर मारलेली खूण आहे, ती टाकून द्या. तेव्हा एकाला जुने वस्त्र मिळवावे लागते आणि दुसऱ्याला जुने वस्त्र टाकावे लागते. दोघांची कारणे खरीच.

हे आज मी शहाण्यासारखे सांगतो आहे. पण आता ज्या गोष्टीसाठी बोलायला बसलो, ती सांगतो. धोतराला दोन वर्षे झाली असतील. आमच्या शाळेत एक नव्या बाई आल्या. वीस-बावीस वर्षांच्या, लांबून येणाऱ्या. जुलैत एके दिवशी त्या पंजाबी ड्रेस घालून आल्या. त्या काळी आमच्या भागात शिक्षिकेने साडीच नेसायची, हे कोणी लिहिलेले नव्हते, पण सर्वांनी धरून ठेवलेले होते. शनिवारी शाळा सुटल्यावर बैठक बसली. आणि मंडळी, त्या बैठकीत सर्वांत मोठ्या आवाजात जो बोलला, तो मी. "शिक्षकी पेशाची काही शान असते. उद्या पालक काय म्हणतील?" वगैरे वगैरे.

बाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, ओढ्यात साडी गुडघ्यापर्यंत भिजते. दिवसभर ओली साडी पायांना चिकटते. तुम्ही धोतर का नेसता, हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. तुमची सोय ती सोय, आणि माझी सोय म्हणजे बेशिस्त?"

मला उत्तर सुचले नाही. पण मी चूकही कबूल केली नाही. ठरले ते माझ्या म्हणण्याप्रमाणेच. बाई साडी नेसून येऊ लागल्या, आणि पुढच्या वर्षी बदली मागून गेल्या. घरी हे सांगितले तेव्हा आमची मंडळी एवढेच म्हणाली, "मी निऱ्या शिकवल्या, त्या वाया गेल्या म्हणायच्या."

एकच ओढा, एकच पाऊस. माझे कारण साहेबांनी ऐकून घेतले, कारण मी पुरुष होतो आणि वयाने मोठा होतो. त्यांचे कारण मी ऐकूनही घेतले नाही.

आता गंमत पाहा. १५ मार्च २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी निर्णय काढला. जीन्स आणि टी-शर्ट नको, असे त्यात होते. शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार-कुडता-दुपट्टा सांगितला होता. शिक्षकांसाठी शर्ट आणि पँट, शर्ट आत खोचलेला. म्हणजे मी ज्याच्याविरुद्ध बोललो, तो बाईंचा ड्रेस नियमात आला, आणि धोतराचा उल्लेखच नव्हता. मी आज नोकरीत असतो तर मलाच कोणा तरुण मुख्याध्यापिकेपुढे उभे राहून सांगावे लागले असते, "बाई, माझे कारण तेवढे ऐकून घ्या."

त्यांनी ते ऐकून घेतले असते, असे मला वाटते. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत उद्या कोणी वेगळे काही नेसून, घालून आले, तर बैठक बोलावण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, "का हो?" उत्तर बहुधा साधेच निघेल. ओल्या शिवणीएवढे साधे.