चाल त्यांची, पद आपलं

क्लोद फ्रान्स्वा या फ्रेंच गायकाला पहिलं मोठं यश १९६२ साली 'बेल, बेल, बेल' या गाण्यानं मिळालं. शब्द फ्रेंच होते, चाल मात्र अमेरिकेतल्या एव्हर्ली ब्रदर्सनी १९६० साली इंग्रजीत गायलेल्या गाण्याची. पुढं उलटंही घडलं. याच क्लोदच्या १९६७ सालच्या एका गाण्याच्या चालीवर पॉल अँका यांनी इंग्रजी शब्द लिहिले आणि १९६९ साली फ्रँक सिनात्रांच्या आवाजात ते 'माय वे' म्हणून जगभर पोचलं. गाण्याच्या श्रेयात मूळ फ्रेंच रचनाकारांची नावं मात्र कायम राहिली.

दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवण्याची ही कला आपल्या कोल्हापूरला जुनी आहे. गोविंदराव टेंबे यांचा जन्म १८८१ सालचा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं आणि भास्करबुवा बखल्यांचा सहवास यांवर त्यांचा कान तयार झाला. पेटीवर त्यांचा हात असा की पेटी गाऊ लागे.

१९११ साली किर्लोस्कर मंडळीनं खाडिलकरांचं 'मानापमान' रंगभूमीवर आणलं, त्याच्या चाली गोविंदरावांनी दिल्या. तोवर बहुधा नाटककारच चाली निवडायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी पदांच्या चाली घेतल्या होत्या. गोविंदरावांनी पूरब अंगाच्या ठुमरीकडे, कजरी-चैतीकडे मोर्चा वळवला आणि खाडिलकरांनी त्या चालींवर मराठी पदं बांधली.

हे काम किती अवघड! ठुमरीतले ब्रजभाषेचे शब्द मऊ, लवचिक. मराठीत जोडाक्षरं जड. तान जिथं फिरायची तिथं मोकळा 'आ' किंवा 'ई' यायला हवा. सम जिथं पडते तिथं अर्थाचा महत्त्वाचा शब्द बसायला हवा, आणि वर ते बोलणं नायिका भामिनीच्या तोंडी शोभायला हवं. फ्रेंच गीतकारालाही हेच करावं लागतं: इंग्रजीत आघात शब्दात कुठंही पडतो, फ्रेंचमध्ये तो बोलण्याच्या शेवटाकडे सरकतो, म्हणून वाक्य नव्यानं कापावं लागतं. अशी मेहनत झाली की उसनी चाल त्या भाषेची होते. 'मानापमाना'तली पदं शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी माणूस आपली म्हणून गातो आहे, त्याचं कारण हेच.

मग १९३२ साल आलं. कोल्हापुरात प्रभात कंपनीनं 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट केला, तोही मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत. संगीत गोविंदरावांचं, हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. तारामती दुर्गाबाई खोटे. पार्श्वगायन तेव्हा आलेलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर नटानं स्वतः गायचं, तेही प्रत्येक भाषेत वेगळं.

चाल घेण्याच्या या परंपरेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुन्या संगीत नाटकांचं छापील पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर राग असतो, ताल असतो आणि पुष्कळदा 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्दही असतात. चाल कुठून आली हे वाचकाला उघड सांगितलेलं असतं. त्यानं पदाची किंमत तसूभरही कमी झाली नाही. 'एकच प्याला'तल्या गाजलेल्या चाली गायिका सुंदराबाईंकडून आल्या आणि त्यांवर पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. पण पद ऐकताना ही दोन नावं किती जणांच्या ओठांवर येतात?

आज चाली एका भाषेतून दुसरीत क्षणात जातात. जाऊ द्यात, गाणं त्यानंच वाढतं. माझी विनंती एवढीच आहे: गायकांनो, निवेदकांनो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाणी बसवणाऱ्या शिक्षकांनो, गाण्याआधी दोन नावं जरूर घ्या. एक शब्द लिहिणाऱ्याचं आणि दुसरं ज्याची चाल घेतली त्याचं.