तोंडावरचा पडदा आणि कायदा

शाळांतून वादविवादाच्या स्पर्धा होतात, तेव्हा बुरखाबंदीचा विषय हटकून निघतो. एक मुलगा तावातावाने म्हणतो, पडदा म्हणजे बाईची कैद, ती मोडलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, ज्याचा धर्म त्याच्यापाशी, सरकारने मधे पडू नये. टाळ्या होतात, परीक्षक गुण देतात आणि मंडळी घरी जातात. गुरुजनांना माझी विनंती आहे की, या विषयात जरा खोल शिरावे.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपण खेड्यात सरसकट सगळ्यालाच बुरखा म्हणतो. पण हिजाब म्हणजे डोक्याला गुंडाळलेला रुमाल, त्यात तोंड उघडं असतं. नकाबात डोळे तेवढे दिसतात. अफगाणिस्तानातल्या बुरख्यात तर डोळ्यांपुढेही जाळी असते. मी आज बोलतो आहे ते तोंड झाकणाऱ्या पोशाखाविषयी.

फ्रान्सने २०१० साली त्यावर बंदीचा कायदा केला आणि एप्रिल २०११ पासून तो अमलात आला. रस्ता, दुकान, कचेरी, स्टेशन, कुठंही तोंड झाकून जाता येत नाही. गेल्यास १५० युरोपर्यंत दंड, किंवा नागरिकत्वाच्या शिकवणीला बसायचं. कायद्यात इस्लामचं नाव नाही, पण रोख कोणावर होता हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिथल्या प्रतिनिधिसभेत ३३५ मते बाजूने पडली, विरोधात एक. आणि अशा बायका होत्या तरी किती? सरकारी अंदाज सुमारे १९०० चा. साडेसहा कोटींच्या आसपास वस्तीचा तो देश!

याच कायद्यात दुसरंही एक कलम आहे. जो कोणी बाईला जबरदस्तीने तोंड झाकायला लावील, त्याला एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो दंड. हे कलम मला मनापासून पटतं. पण त्याची तक्रार द्यायची कोणी? ज्याच्या घरात राहायचं, ज्याच्या हातचं खायचं, त्याच्याविरुद्ध तिनंच ना? दंडाची पावती मात्र रस्त्यावर तिच्याच हाती पडते.

प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. फिर्याद एका फ्रेंच नागरिक स्त्रीची होती. तिचं म्हणणं असं की, माझ्यावर घरच्या कोणाची सक्ती नाही. बँकेत, विमानतळावर ओळख पटवायला मी तोंड दाखवीन, फक्त मनाला वाटेल तेव्हा नकाब घालू द्या. १ जुलै २०१४ ला निकाल लागला. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अशी सरसकट बंदी लागते, हे न्यायालयाला पटलं नाही. स्त्रीपुरुष समानतेसाठी ती हवी, हेही पटलं नाही, कारण बाई स्वतःच तो पोशाख मागत होती. टिकलं ते एकच कारण : एकत्र राहायचं तर माणसांना एकमेकांची तोंडं दिसली पाहिजेत. तेवढ्यावर कायदा राहिला. सतरांपैकी दोन न्यायाधीशांना मात्र हे कारण फार ढोबळ वाटलं, आणि मलाही तसंच वाटतं. पुढे मे २०२० मध्ये साथीमुळे पॅरिसच्या भुयारी गाडीत मुखपट्टी बांधणं सक्तीचं झालं, आणि त्यांचं एकत्र राहणं काही थांबलं नाही!

माझं म्हणाल तर पडदा मला आवडत नाही. आपल्याही काही खानदानी घरांत गोषा होता. सासरा ओसरीवर आला की सुनेचा पदर कपाळाखाली यायचा. तो मागे सरकला तेव्हा वाड्याच्या दारात शिपाई उभा नव्हता. मुली शाळेत गेल्या, कोणी मास्तरीण झाली, कोणी नर्स, आणि हळूहळू ती चाल सुटली.

शिपाई उभा केला की काय होतं, ते इराणात दिसलं. जानेवारी १९३६ मध्ये रझा शाहने पडद्यावर बंदी घातली. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या अंगावरची चादर ओढीत. पुष्कळ बायकांनी मग घराबाहेर पडणंच टाकलं. सार्वजनिक न्हाणीघरातदेखील जाईनात. १९४१ मध्ये शाह गेला, सक्ती ढिली झाली. १९७९ च्या क्रांतीनंतर उलटी सक्ती आली. आता डोकं झाकलं नाही म्हणून पोलीस धरू लागले.

गुरुजी, बाई, पुढच्या स्पर्धेत हा विषय ठेवलात तर तिसरा एक वक्ता उभा करा. त्याला सांगा, तू तेहरानची एक म्हातारी आहेस. तरुणपणी तुझी चादर शिपायानं ओढली, आणि उतारवयात तुझ्या नातीला डोकं झाकायला शिपाईच सांगतो आहे. आता बोल.